हप्ता चुकवू नये

महाबळेश्वरच्या शाखेत १९९३ साली मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथे संगणक आलेला नव्हता. पितळी टोकने होती, दोन हातांनी उचलावी लागणारी लेजरे होती आणि आमचे हेड कॅशिअर अण्णा होते. जुलैत पत्र्यावर पाऊस असा कोसळे की समोर बसलेल्या खातेदाराचे बोलणे मला ऐकू येत नसे. पण अण्णांनी पिंजऱ्यातून 'टोकन नंबर सतरा' अशी हाळी दिली की बाहेर व्हरांड्यात घोंगडे पांघरून बसलेला म्हातारा बरोबर उठून आत येई. बाजारपेठेतले दुकानदार गमतीने म्हणत, 'साहेब, तुमच्या बँकेला भोंगा लागत नाही, अण्णा आहेत.'

त्या अण्णांना गेली काही वर्षे आवाज नाही. गळ्याच्या खालच्या बाजूला, सदऱ्याच्या पहिल्या बटणापाशी, एक छिद्र आहे. त्यातून ते श्वास घेतात. त्यावर पांढरा मलमली रुमाल असतो. बोलायचे झाले तर जवळ पाटी असते. त्यांची हकीकत मी त्यांच्या संमतीने सांगतो आहे. विचारले तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिले, 'लिहा. तुमची चूकही लिहा.' त्या चुकीसाठीच हा लेख आहे.

२०१६ च्या हिवाळ्यात अण्णांचा आवाज बसला. आमच्या गावात आवाज बसणे ही काही बातमी नव्हे. धुके, गारठा, वारा, कारणांना तोटा नाही. त्यांनी हळद-दूध घेतले, ज्येष्ठमध चघळला, काढे झाले. तीन महिने गेले. अण्णांना बिडीची जुनी सवय. बँकेच्या मागच्या ओसरीवर उभे राहून आम्ही दोघांनी मिळून किती धूर काढला असेल याचा हिशेब नाही. शेवटी लेकीने जबरदस्तीने साताऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. दुर्बिणीतून पाहिले, तुकडा तपासायला पाठवला. स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरी पायरी. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर घसा डॉक्टरांना दाखवावा, ही साधी गोष्ट तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हती.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, शस्त्रक्रिया करून स्वरयंत्र काढून टाकायचे. दुसरी, सात आठवडे किरणोपचार आणि त्याच काळात केमोथेरपी. दुसऱ्या वाटेने गेल्यास आवाज वाचण्याची चांगली शक्यता होती. अण्णांनी क्षणाचाही विचार न करता दुसरी वाट धरली. ज्याच्या आवाजावर शाखा चालायची, तो दुसरे काय करणार?

ही दुसरी वाट फार जुनी नाही. १९८० च्या दशकापर्यंत पुढे गेलेल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरला बहुधा एकच उत्तर होते, ते म्हणजे स्वरयंत्र काढणे. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे स्वरयंत्र काढून नंतर किरण दिले, उरलेल्यांना आधी केमो आणि मग किरण दिले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण सारखेच, शंभरात ६८ होते. पण दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचे स्वरयंत्र शाबूत राहिले होते. मग प्रश्न आला की केमो आधी द्यावी की किरणांच्या बरोबरीने? २००३ साली पाचशेहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. दोन वर्षांनी स्वरयंत्र टिकलेले लोक नुसत्या किरणांनी शंभरात ७०, आधी केमो व मग किरण दिल्यास ७५, आणि दोन्ही एकाच वेळी दिल्यास ८८.

औषध तेच, किरण तेच, मग एकत्र दिल्याने असा फरक का पडावा? बेरीज तर कशीही केली तरी तीच यायला हवी. मला बँकवाल्याला हे कोडे सुटेना, तेव्हा अण्णांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. किरण पेशीच्या आतल्या डीएनएवर घाव घालतात. पेशी मोठी चिवट असते. रात्रीतून ती तो घाव दुरुस्त करू पाहते. सिस्प्लॅटिन हे औषध त्याच डीएनएला जाऊन चिकटते आणि दुरुस्ती होऊ देत नाही. म्हणजे एकाने भिंत पाडायची आणि दुसऱ्याने गवंड्याचे हात धरून ठेवायचे. दोघे वेगवेगळ्या दिवशी आले तर त्याचा उपयोग कमी.

या सिस्प्लॅटिनचा जन्मही गमतीचा आहे. १९६० च्या दशकात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जंतू लांबलचक वाढत, पण दुभंगून त्यांचे दोन होईनात. शोध घेता कळले की ही करामत विजेची नव्हे, वीज सोडण्यासाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाची. जे जंतूचे विभाजन रोखते ते कॅन्सरच्या पेशीचे का रोखणार नाही, या विचारातून औषध तयार झाले आणि १९७८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

दोन उपायांची ही जोडगोळी आमच्या डोंगराला खरे तर नवी नाही. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे पेठ वसवली ती आजाऱ्यांना थंड हवा मिळावी म्हणून. पुढे पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' आरोग्यधाम काढले. मोकळी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच तेव्हाचा उपचार. मग स्ट्रेप्टोमायसिन आले. ते एकटे दिले की काही महिन्यांत क्षयाचे जंतू त्याला दाद देईनासे होत. दोन-तीन औषधे एकत्र आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत न चुकता दिली, तेव्हा कुठे क्षय हटला. हवेने जे साधले नाही ते नेमाने साधले. पण हवापालटावरची आमची श्रद्धा मात्र अजून कायम आहे. माझीही होती.

अण्णांचे उपचार जूनमध्ये सुरू झाले. घाटाखालच्या एका रुग्णालयात रोज जायचे, मुक्काम साताऱ्याला लेकीकडे. सोमवार ते शुक्रवार, एकूण पस्तीस वेळा. आपल्याकडे लोक याला 'लाईट घेणे' म्हणतात, कोणी 'शेक' म्हणतात. प्रत्यक्षात ना उजेड दिसतो, ना ऊब लागते. चेहरा आणि गळा हलू नये म्हणून मापाचा जाळीदार मुखवटा करतात, तो घालून टेबलावर निजायचे, काही मिनिटांत काम आटोपते. किरणांचे माप 'ग्रे' या एककात मोजतात. रोज दोन ग्रे, पस्तीस दिवसांत सत्तर. आणि दर तीन आठवड्यांनी एकदा सिस्प्लॅटिन, असे तीनदा. त्या दिवशी मूत्रपिंडांना इजा होऊ नये म्हणून सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या. उलटीवर औषध, कानांवर लक्ष, रक्ताची तपासणी. उपचारांपूर्वी किडके दात काढून घेतले होते, कारण किरणांनंतर जबड्याची जखम लवकर भरत नाही.

मी पहिल्याच आठवड्यात भेटलो तेव्हा अण्णा हसत म्हणाले होते, 'साहेब, हे तर आपले मुदतीचे कर्ज झाले. सत्तरची रक्कम, पस्तीस हप्ते.' मला ती उपमा आवडली होती.

पहिले दोन आठवडे काही जाणवत नाही. तिसऱ्यात चव जाते, अगदी आमटीसुद्धा मातीसारखी लागते. तोंड कोरडे पडते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात घशाची आतली त्वचा सोलवटते, थुंकी गिळणेही नको होते. गळ्यावरची कातडी उन्हाने भाजल्यासारखी काळवंडते. वहिनी रोज मीठ-सोड्याच्या गुळण्या करायला लावीत, पेज गाळून देत, नाचणीचे सत्त्व पातळ करून देत. तरी अण्णांचे वजन सात किलोंनी उतरले. डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात अन्न देऊ म्हणत होते. अण्णांना ते नको होते.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी मी फोन केला. पंचवीस हप्ते झाले होते, दहा उरले होते. अण्णांचा आवाज कुजबुजल्यासारखा येत होता. ते म्हणाले, 'साहेब, आता सोसवत नाही.' आणि मी, ज्याने आयुष्यभर थकीत कर्जदारांना हप्त्याचे महत्त्व सांगितले, तो म्हणालो, 'अण्णा, चार दिवस वर या. घरचे अंथरूण, आपली हवा. जरा अंगात ताकद येऊ द्या, मग उरलेले पुरे करा. चार दिवसांनी काय बिघडते?'

अण्णा आले. शनिवार-रविवार गेले. सोमवारी पावसाने जोर धरला, मंगळवारी त्यांना ताप होता, बुधवारी गाडी मिळेना. खरे सांगायचे तर कोणाचेच मन होत नव्हते. रुग्णालयातून लेकीला फोनावर फोन जात होते. पुढच्या मंगळवारी आम्ही त्यांना खाली नेले, तेव्हा उपचारांचे सहा दिवस बुडाले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला बसवून सांगितले, आणि ते वाक्य न वाक्य माझ्या लक्षात आहे. घशाच्या या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. जणू संकट ओळखून त्या घाई करतात. म्हणजे ज्या आठवड्यात रोग्याला थांबावेसे वाटते, नेमक्या त्याच आठवड्यात थांबणे सर्वांत महाग पडते. उपचार जितके लांबतात, तितकी रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक टक्का, कधी त्याहूनही थोडी अधिक घटते. आमच्या धंद्यात याला दंडव्याज म्हणतात. फरक इतकाच की दुष्काळ पडला तर आम्ही कर्जाची फेड लांबवून देत असू. कॅन्सर अशी मुदतवाढ देत नाही.

त्यांनी शक्य ते केले. नळी घातली, अन्न सुरू झाले. शनिवारी मशीन चालवले, काही दिवस सहा तासांच्या अंतराने दोनदा किरण दिले. पस्तीस हप्ते पुरे झाले. दिवाळीला अण्णा वर आले. आवाज थोडा जाड, पण अण्णांचाच. आम्ही पेढे वाटले.

२०१८ च्या सुरुवातीला गाठ पुन्हा दिसली, त्याच जागी. यावेळी दुसरी वाट नव्हती. स्वरयंत्र काढले. किरण खाल्लेल्या मांसाची जखम भरायला फार दिवस गेले, पण भरली. कृत्रिम झडप बसवून बोलता येते, ती सोय अण्णांना मानवली नाही. आज ते चालतात-फिरतात, नातवाचे गणित घेतात, बाजारात जाऊन भाव पाटीवर लिहून घासाघीस करतात.

मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारले, 'त्या सहा दिवसांमुळे झाले का?' ते म्हणाले, 'एका माणसाबद्दल असे कधीच सांगता येत नाही. न चुकवणाऱ्यांनाही रोग उलटतो, चुकवणारेही बरे होतात.' हे त्यांचे मोठेपण. पण हिशेबाच्या वहीत नोंद ज्याने केली त्याच्या नावावर राहते.

म्हणून मला वाचकांना सांगायचे आहे ते एवढेच. या जोड-उपचाराचे बळ औषधात आणि किरणांत आहेच, पण ते तितकेच त्यांच्या अखंडपणात आहे. आणि तो अखंडपणा सांभाळणे हे डॉक्टरांच्या एकट्याच्या हाती नाही. ते घराच्या, नातलगांच्या, मित्रांच्या हाती आहे.

शरद पवारांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांचा कॅन्सर तोंडाचा, २००४ सालचा. किरण ३६ वेळा घ्यावे लागले, केमोही घ्यावी लागली, वेदना फार होत्या, तरी सकाळी नऊ ते दोन मंत्रालयाचे काम करून ते दुपारी उपचारांना जात, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत काहीही असो. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात भाषण करणारा तो माणूस मी जेव्हा आठवतो, तेव्हा मला ते छत्तीस दिवस आठवतात. आणि दुसरीकडे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील आठवतात. तोंडाच्या कॅन्सरने ते फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले, वय अवघे ५७. सगळ्यांनाच हा रोग परत जाऊ देतो असे नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, पण तंबाखूची पुडी आणि बिडीचे बंडल कोपऱ्यावरच्या टपरीत आहेच.

हा उपचार सर्वांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. गाठ लहान असेल तर नुसते किरण किंवा छोटी शस्त्रक्रिया पुरते. रोग कूर्चा फोडून बाहेर गेला असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच बरी. सत्तरीनंतर केमोची जोड देण्याचा लाभ उरतो तो थोडाच. जगभरातल्या अनेक अभ्यासांची बेरीज सांगते की किरणांबरोबर केमो दिल्याने पाच वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण शंभरात सहा-सातने वाढते. आकडा लहान वाटेल. त्या सहा-सातांच्या घरी जाऊन विचारावे. आणि याची किंमतही आहे. गिळण्याचा त्रास, कोरडे तोंड, कमी ऐकू येणे यांतले काही कायमचे राहू शकते.

आपल्या टाटा रुग्णालयाने या बाबतीत जगाला शिकवावे असे काम केले आहे. सिस्प्लॅटिन थोडे थोडे करून दर आठवड्याला द्यावे की मोठा डोस दर तीन आठवड्यांनी, असा प्रश्न होता. बहुतेक ठिकाणी सोपे म्हणून आठवड्याचे चालत असे. टाटाच्या डॉक्टरांनी ३०० रुग्णांची तुलना करून २०१८ साली निष्कर्ष मांडला. त्यातले बहुतेक शस्त्रक्रिया झालेले होते. दोन वर्षांनी रोग जागच्या जागी आटोक्यात राहिलेले लोक आठवड्याच्या छोट्या डोसाने शंभरात ५८, तीन आठवड्यांच्या मोठ्या डोसाने ७३. त्रास मोठ्या डोसाचा अधिक होता. पुढे २०२३ साली त्यांनीच दाखवले की मूत्रपिंड किंवा कान कमजोर असल्याने ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही, त्यांना किरणांसोबत डोसेटॅक्सेल हे दुसरे औषध दिल्यास दोन वर्षांनी जगलेल्यांचे प्रमाण शंभरात ४२ वरून ५१ च्या घरात जाते. हे रुग्ण तुमच्या-आमच्यासारखेच, मिश्री लावणारे, तंबाखू मळणारे, एसटीने आलेले.

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि किरणोपचार बसतात. एसटीत आणि रेल्वेत सवलत आहे. एकेकाळी या उपचारासाठी मुंबईच गाठावी लागे. आज साताऱ्यात, कराडला, मिरजेला किरणांची यंत्रे आहेत. पण दहा मिनिटांच्या उपचारासाठी रोज घाट उतरून चढणे सोसेल असा रोगी चौथ्या आठवड्यात उरत नाही. त्याला हवा असतो रुग्णालयापासून चालत जाण्याजोग्या अंतरावरचा सात आठवड्यांचा निवारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रोग्यांसाठी जे करते, ते आपल्या जिल्ह्यांच्या गावी का होऊ नये? लग्नाची कार्यालये बांधायला आपल्याकडे देणगीदार मिळतात. चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मिक्सर यांनाही मिळतील, कोणी मागितले तर.

आणि आपण मित्रमंडळींनी काय करावे? भेटायला जाताना सल्ला घरी ठेवून जावा. अमक्या गावच्या झाडपाल्याची गोष्ट सांगू नये. 'चार दिवस विश्रांती घ्या' असे तर चुकूनही म्हणू नये. त्याऐवजी म्हणावे, 'उद्याची पाळी माझी, साडेनऊला गाडी घेऊन येतो.' सातही आठवडे माणसे पाळीने वाटून घ्यावीत. आमच्या शाखेतल्या निवृत्तांनी गेल्या चार वर्षांत दोघांसाठी असे केले. एक शिपाई, एक लेखनिक. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर पस्तीस चौकोन, रोज एक फुली. एकही चौकोन कोरा राहिला नाही.

ती कॅलेंडरे अण्णा आखतात. ज्याची पाळी असेल त्याच्या घरी सकाळी सात वाजता हा माणूस छत्री घेऊन दारात उभा राहतो. हाक मारता येत नाही म्हणून काठीने उंबऱ्यावर दोनदा ठोकतो आणि पाटी पुढे धरतो. पाटीवर त्या दिवसाचा आकडा असतो. परवा माझ्या दारात उभे होते. पाटीवर लिहिले होते, 'सतरा.' मी चपला घातल्या आणि निघालो.